धागा: इंदूरहून मराठी चित्रपट: राज्याचं अनुदान, केंद्राचं प्रोत्साहन आणि परदेशी को-प्रॉडक्शनचा निधी

कृष्णपुरा
नमस्कार मंडळी. इंदूरच्या एका लहान एलएलपीचा (मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्थेचा) मराठी चित्रपट उभा राहतोय, गोष्ट महेश्वरच्या विणकरांची आहे, अधूनमधून निमाडी बोलीतले संवाद आहेत. आखलेला खर्च २ कोटी ४० लाख. शूटिंग ३२ दिवसांचं: इंदूर ९, महेश्वर ११, मांडू ४, उरलेले ८ मुंबईत. पॅरिसची एक निर्मितीसंस्था भागीदार व्हायला तयार आहे, पण तिकडचा निधी मिळाला तरच.
मध्य प्रदेश शासनाचं अनुदान, केंद्राचं प्रोत्साहन, महाराष्ट्राचं मराठी चित्रपटांचं अर्थसहाय्य आणि परदेशी फंड यांपैकी काय कशाबरोबर जमतं? आणि अर्ज कोणत्या क्रमाने करायचे? मुंबईचे २ दिवस कमी करून मध्य प्रदेशातल्या दिवसांचं प्रमाण ७५ टक्क्यांच्या पुढे न्यावं असा एक विचार चालू आहे.

खातेवही
तो विचार आधी थांबवा. तुमच्या बजेटला ७५ टक्क्यांचा काही उपयोग नाही.

हिशेब बघा. २०२० च्या फिल्म पर्यटन धोरणातली रचना अशी होती: एकूण शूटिंग दिवसांपैकी निदान ५० टक्के राज्यात असतील तर निर्मात्याच्या राज्यातल्या पहिल्या चित्रपटाला १ कोटी किंवा निर्मितीखर्चाच्या २५ टक्के, यातली जी रक्कम कमी असेल ती. ७५ टक्के दिवस असतील तर दीड कोटी किंवा २५ टक्के, पुन्हा कमी असेल ती. २०२५ च्या नव्या धोरणात फीचर फिल्मची कमाल मर्यादा २ कोटींपर्यंत गेली. पण ‘मर्यादा किंवा टक्केवारी, यातली कमी’ हे सूत्र धरलं की २ कोटी ४० लाखांचे २५ टक्के होतात ६० लाख. वरची मर्यादा १ कोटी असो, दीड असो की दोन, तुम्ही तिच्या आसपासही नाही. जुन्या आकड्यांनी ७५ टक्क्यांचा टप्पा ४ कोटींच्या वरच्या चित्रपटालाच फरक पाडत होता.

मुंबईची दृश्यं मुंबईतच करा. ५० टक्क्यांच्या रेघेखाली मात्र कधीही जाता कामा नये. तुमचे २४ दिवस ३२ पैकी आहेत, म्हणजे भरपूर मोकळीक आहे. पावसाने महेश्वरचे ४ दिवस गेले आणि तेवढेच मुंबईत वाढले तरी २० बाय ३२ राहतात.

तुमचे पैसे जातील ते दिवसांवरून नाही, ‘निर्मितीखर्च’ या शब्दावरून. ६० लाख हे बजेटच्या २५ टक्के झाले. शासन बजेट बघत नाही, तपासून मान्य केलेला खर्च बघतं. त्यावर रात्री सविस्तर लिहितो.

निमाडवाट
तोवर परवानग्यांचं लिहून ठेवतो, कारण दिवसांचा पुरावा तिथूनच तयार होतो.

मध्य प्रदेशात टुरिझम बोर्डाच्या फिल्म सेलकडे ऑनलाइन अर्ज करायचा, जिल्ह्यातलं काम एडीएम (अपर जिल्हा दंडाधिकारी) साहेबांकडे जातं. शूटिंगची परवानगी लोकसेवा हमी कायद्याखाली आणलेली आहे, त्यामुळे मुदत चालू होते ती पूर्ण अर्ज पोचल्यावरच. अर्धवट अर्ज टाकून ‘नंतर जोडू’ म्हणणाऱ्यांचे दिवस तिथेच जातात.

तुमचे जिल्हे तीन आहेत: इंदूर, खरगोन (महेश्वर) आणि धार (मांडू). तिन्हीकडे तारखा वेगळ्या, ठिकाणं वेगळी. शिवाय मालक वेगळे:
मांडूचा जहाज महाल, रूपमती मंडप हे केंद्रीय पुरातत्त्व सर्वेक्षणाखाली येतात. जिल्ह्याची परवानगी हातात असली तरी पुरातत्त्वची स्वतंत्र लागते, तिचं शुल्क आणि अनामत वेगळी, आणि पटकथेतला त्या जागेपुरता भाग आधी द्यावा लागतो. ‘दिवाणखान्याचं दृश्य’ एवढं लिहून भागत नाही. किती माणसं, किती दिवे, जनरेटर कुठे उभा राहणार, ट्रॉलीचे रूळ दगडावर टाकणार का, हे सगळं लिहा. वास्तूत खिळा ठोकायचा नाही, आग आणि धूर नाही.
इंदूरचा राजवाडा आणि लालबाग राज्य पुरातत्त्वकडे. महेश्वरचे घाट जिल्हा प्रशासन आणि नगर परिषदेकडे, आणि किल्ल्याचा काही भाग खासगी मालकीचा आहे. तिथे मालकाशी लेखी करार करा, तोंडी होकार अनुदानाच्या फाइलमध्ये लावता येत नाही.

बैलगाडी, घोडा, अगदी दारातली शेळीसुद्धा फ्रेममध्ये असेल तर भारतीय पशु कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी घ्या. सेन्सॉरच्या वेळी ते पत्र मागतातच आणि मागच्या तारखेचं मिळत नाही. दृश्य कापण्याची वेळ येते.

इंदूर शहरात ड्रोन उडवायचा असेल तर विमानतळामुळे डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-नकाशावर आपली जागा कोणत्या रंगात येते ते लोकेशन ठरवतानाच बघा, शूटिंगच्या सकाळी नाही.

खातेवही
आता खर्च.

अनुदान हे परताव्यासारखं आहे. आधी तुम्ही खर्च करता, चित्रपट पूर्ण होतो, सेन्सॉर होतो, प्रदर्शित होतो, मग दावा जातो, मग छाननी. तोपर्यंत सगळा पैसा तुमचा किंवा उधारीचा. त्यामुळे ६० लाख धरूनच बजेटची तोंडमिळवणी करू नका. सावकारी व्याजाने उचललेल्या रकमेचं वर्षभराचं व्याज अनुदानातला मोठा घास खातं.

छाननीत काय कापलं जातं:

१. रोखीचं. आयकरात एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांवर रोख दिलं की तो खर्च वजावटीला नामंजूर होतो. अनुदान तपासणारा त्याहूनही कडक असतो. त्याला बँकेतून गेलेला पैसा दिसायला हवा. स्पॉटबॉय, ज्युनिअर आर्टिस्ट, गाडीवाले, जेवणवाले यांचे बँक तपशील पहिल्या दिवशीच घ्या. निमाडातल्या गावात बँक खातं बहुतेकांकडे असतं, तपशील मागितले की मिळतात.

२. ‘नंतर देऊ’ मानधन. दिग्दर्शकाचे १५ लाख कागदावर, पण दिलेले नाहीत. बिल नाही, बँक नोंद नाही, टीडीएस नाही, म्हणजे तो खर्चच नाही.

३. लाइन प्रोड्यूसरचं (शूटिंगची जागेवरची व्यवस्था बघणाऱ्याचं) एकरकमी बिल. ‘महेश्वर शेड्यूल, ३८ लाख’ एवढ्या एका ओळीचं बिल आलं की प्रश्न सुरू. करारातच लिहून घ्या की खालची सगळी व्हाउचरं, जीएसटी बिलं आणि हजेरीपट तुम्हाला मिळतील, आणि ते मिळेपर्यंत शेवटचा हप्ता राखून ठेवा.

४. प्रसिद्धीचा खर्च निर्मितीत मिसळणं. पोस्टर, ट्रेलरच्या जाहिराती, प्रमोशनचे दौरे यांचं खातं वेगळं ठेवा.

धरून चाला की तुमच्या २ कोटी ४० लाखांतले ३५ लाख रोखीत गेले आणि २० लाख ‘नंतर देऊ’ आहेत. मान्य खर्च उरला १ कोटी ८५ लाख, त्याचे २५ टक्के ४६ लाख २५ हजार. पावणेचौदा लाख गेले, फक्त पैसे देण्याच्या पद्धतीमुळे. म्हणून प्रॉडक्शन अकाउंटंट शूटिंगच्या आधी नेमा. चित्रपट संपल्यावर सीएकडे बिलांचं पोतं घेऊन गेलात तर तो प्रमाणपत्र देईल, पण ते छाननीत टिकणार नाही.

पटकथा_पाचवा_खर्डा
दिवस मोजतात कसे? प्रवासाचा दिवस धरतात का?

निमाडवाट
कॅमेरा चालला तो दिवस. रोजचा प्रॉडक्शन रिपोर्ट लिहा: तारीख, जागा, पहिला शॉट, शेवटचा शॉट, दृश्य क्रमांक, हजर माणसं. त्यावर दिग्दर्शक आणि प्रॉडक्शन मॅनेजर दोघांची सही, त्याच रात्री. कॉल शीट, हॉटेलची बिलं आणि जिल्ह्याचं परवानगीपत्र यांच्या तारखा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. परवानगीत १४ तारीख आणि रिपोर्टमध्ये १५ असेल तर तारीखबदलाचा ईमेल फाइलमध्ये हवा.
सेकंड युनिटने (दुसऱ्या तुकडीने) त्याच दिवशी मुंबईत शॉट घेतला तर तो दिवस वादात जातो. टाळा.

बडोदेकर_अ
गुजरातचंही सिनेमॅटिक टुरिझम धोरण आहे, २०२२ ते २०२७ या काळाचं. काही दिवस बडोद्यात, लक्ष्मी विलास राजवाड्याच्या परिसरात करून तिकडूनही काही मिळेल का?

खातेवही
बडोदेकर, दोन राज्यांत दिवस वाटले की दोन्हीकडची टक्केवारी पडते. दोन्हीकडे थोडं थोडं मिळेल या आशेने कुठेच पात्र न ठरणारे चित्रपट पाहण्यात आहेत. कृष्णपुरांच्या कथेत बडोदं असेल तर जरूर करा, अनुदानासाठी मात्र नको.

मराठीबद्दल एक चांगली गोष्ट. मध्य प्रदेशाच्या २०२५ च्या धोरणात मराठी चित्रपटांना, तसंच माळवी, निमाडी, बुंदेली अशा बोलींतल्या चित्रपटांना वाढीव अनुदानाची तरतूद आहे. तुमच्यात निमाडी फक्त अधूनमधून आहे, तेव्हा दावा मराठीच्या कलमाखाली करा. सेन्सॉर प्रमाणपत्रावर भाषा जी छापली जाते तीच अर्जात लिहा.
स्थानिक कलावंतांसाठीही वेगळा विचार होतो. त्यांचं मध्य प्रदेशाचं मूलनिवासी प्रमाणपत्र करारावर सही घेतानाच मागा. चित्रपट लागल्यावर कोण कुठे असेल सांगता येत नाही.

कलम१९
कृष्णपुरा, पॅरिसच्या मंडळींबद्दल लिहिते. त्याआधी एक प्रश्न: पटकथा कोणाची, आणि ती कशावर आधारलेली आहे?

कृष्णपुरा
एका मराठी कादंबरीवर. लेखक हयात नाहीत, वारसांनी एका पानाचं संमतीपत्र दिलं आहे. पटकथालेखक इंदूरचेच, त्यांच्याशी साधा करार आहे.

कलम१९
त्या एका पानावर सगळं अडणार आहे, म्हणून आधी तेच दुरुस्त करा.

भारतीय कॉपीराइट कायद्याचं कलम १९ असं सांगतं: हस्तांतराच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क भारतापुरतेच मिळाले असं धरलं जातं. आणि वेगळं काही लिहिलेलं नसेल तर मिळालेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत की ते संपतात. ‘आम्ही आमच्या वडिलांच्या कादंबरीवर चित्रपट करायला संमती देतो’ या वाक्यात यातलं एकही नाही. फ्रेंच निर्मात्याचा वकील हे पान वाचेल आणि पहिल्याच ईमेलमध्ये विचारेल की फ्रान्समध्ये चित्रपट दाखवण्याचा हक्क तुमच्याकडे कुठे आहे.

नवीन करारात हे घ्या: सर्व वारसांच्या सह्या (एकाच मुलाची नको, वारस प्रमाणपत्र किंवा मृत्युपत्राची प्रत जोडा), जगभराचा प्रदेश, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, वर्षभरात वापर न झाल्यासही हक्क चालू राहतील हे कलम, डबिंग आणि सबटायटलसह सर्व भाषा, आणि हक्क पुढे सहनिर्मात्याला देण्याची मुभा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट चालतो, तेव्हा वारसांना टाळून जाता येणार नाही. पटकथा, संवाद, गीत, संगीत यांचे करारही याच मापाने करा. गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीनंतर लिहून काढून घेता येत नाही, तसं कलम करारात असेल तर परदेशी वकील तिथेच लाल खूण करतो.

हे सगळं मिळून हक्कांची जी साखळी होते तिला चेन ऑफ टायटल म्हणतात. इंग्रजी भाषांतर नोटरी करून एका पीडीएफमध्ये, तारखांच्या क्रमाने. कोणताही फंड, चित्रपट देशोदेशी विकणारी कोणतीही सेल्स एजन्सी हेच आधी उघडते.

पटकथा_पाचवा_खर्डा
फंड कोणते मिळू शकतात? वर्ल्ड सिनेमा फंडाचं नाव सगळे घेतात.

कलम१९
बर्लिनालेच्या (बर्लिन चित्रपट महोत्सवाच्या) वर्ल्ड सिनेमा फंडाच्या प्रदेशांच्या यादीत नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका आहेत, भारत नाही. तिथे अर्ज लिहिण्यात महिना घालवू नका.

रॉटरडॅम चित्रपट महोत्सवाचा ह्यूबर्ट बाल्स फंड भारताला खुला आहे. पटकथा आणि प्रकल्पविकासाला १०,००० युरो. रक्कम लहान, पण ते नाव फाइलवर आलं की पुढची दारं उघडतात. तिथे अनुदानासारखी कागदपत्रं कमी आणि दिग्दर्शकाचं निवेदन जास्त महत्त्वाचं. हे निवेदन म्हणजे कथेचा सारांश नव्हे. महेश्वरच्या विणकरांची गोष्ट याच दिग्दर्शकाने, याच रूपात का सांगायची, कॅमेरा कुठे असेल, आवाज कसा असेल, हे दीड-दोन पानांत. ‘भारतीय संस्कृतीचं दर्शन’ अशी वाक्यं काढून टाका, वाचणाऱ्याला त्यातून चित्रपट दिसत नाही. निमाडी संवादांचं इंग्रजी भाषांतर करताना बोलीचा फरक तळटीपेत न देता संवादांच्या लयीतच ठेवा, चांगल्या भाषांतरकारावर इथे पैसे खर्च करणं योग्य आहे.

स्वित्झर्लंडचा व्हिजन्स स्युद एस्ट आशियाई चित्रपटांना निर्मितीसाठी मदत देतो. दक्षिण कोरियातल्या बुसान महोत्सवाच्या एशियन सिनेमा फंडातही पटकथेसाठी भाग आहे.

फ्रान्सची ‘एद ओ सिनेमा द्यु मोंद’ ही सीएनसी (फ्रान्सची राष्ट्रीय चित्रपट संस्था) आणि आंस्तित्यू फ्रांसे (तिथली सरकारी सांस्कृतिक संस्था) यांची योजना. तुमच्या प्रकल्पाला खरी तीच. शूटिंगआधीच्या अर्जाला कमाल ३ लाख युरो, पूर्ण होत आलेल्या चित्रपटाला ५०,००० युरोपर्यंत. इथे तीन गोष्टी नीट समजून घ्या. अर्जदार फ्रेंच कंपनी असते, तुम्ही नाही. पैसा तिच्या खात्यात येतो. आणि त्यातला मोठा भाग फ्रान्समध्येच खर्च करावा लागतो. म्हणजे तो पैसा महेश्वरच्या जेवणाला कधीच येणार नाही. साउंड मिक्सिंग, कलर ग्रेडिंग, एखादा फ्रेंच संकलक किंवा ध्वनिरचनाकार यांत तो जाईल. तेव्हा बजेटमधली जी कामं पॅरिसला जाणार ती आत्ताच वेगळ्या रकान्यात टाका आणि भारतात उभी करायची रक्कम किती उरते ते बघा. बऱ्याच जणांना वाटतं परदेशी फंड आला म्हणजे शूटिंगची चिंता मिटली. शूटिंग तुमच्याच पैशावर होणार आहे.

खातेवही
हे फार महत्त्वाचं. आणि पॅरिसचा खर्च मध्य प्रदेशाच्या दाव्यात घालू नका. तो तुमच्या वह्यांत नाही, तुमचा सीए त्याला प्रमाणित करू शकत नाही. समजा ५५ लाखांची कामं तिकडे गेली, तर २५ टक्क्यांचा आधार १ कोटी ८५ लाख होतो. पण त्या ५५ लाखांची चिंताही तुमच्या डोक्यावरून गेली. गणित फायद्याचंच आहे, फक्त दोनदा मोजू नका.

कृष्णपुरा
मग केंद्राचं ४० टक्के?

कलम१९
केंद्राची योजना २०२२ मध्ये कान चित्रपट महोत्सवात जाहीर झाली तेव्हा ३० टक्के आणि कमाल २ कोटी होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती ४० टक्के आणि ३० कोटींपर्यंत नेली, शिवाय लक्षणीय भारतीय आशय असेल तर ५ टक्के जास्त. ती भारतात काम करणाऱ्या परदेशी प्रकल्पांना आणि अधिकृत सहनिर्मितीला मिळते. फ्रेंच कंपनी नुसती करारावर भागीदार असून चालत नाही. भारत-फ्रान्स करारानुसार माहिती व प्रसारण मंत्रालयाने आणि फ्रान्सच्या सीएनसीने, दोघांनी अधिकृत दर्जा द्यावा लागतो. अर्ज एनएफडीसीच्या (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या) फिल्म फॅसिलिटेशन ऑफिसमार्फत, इंडिया सिने हब पोर्टलवर.

बऱ्याच सहनिर्मिती करारांत एका देशाचा वाटा किमान २० टक्के लागतो, आणि तो केवळ पैशाचा नसतो. कलावंत आणि तंत्रज्ञही त्या प्रमाणात हवेत. नटमंडळी आणि तंत्रज्ञांची राष्ट्रीयत्वासह यादी अर्जातच जाते. ब्रिटिश छायालेखक आवडला म्हणून घेतला तर तिसऱ्या देशाचा प्रश्न उभा राहतो.

माझं मत: २ कोटी ४० लाखांच्या चित्रपटाने अधिकृत दर्जाच्या मागे लागायचं की नाही हे आधी दोन आकड्यांवर ठरवा. भारतातला पात्र खर्च योजनेच्या किमान अटीत बसतो का, आणि दोन देशांचे वकील, ऑडिटर, भाषांतर यांना किती जाणार. न बसल्यास फ्रेंच बाजू आणि राज्याचं अनुदान एवढ्यावर थांबा.

निमाडवाट
मी असहमत. अधिकृत दर्जाने चित्रपट दोन्ही देशांत ‘स्वदेशी’ धरला जातो. फ्रान्समधल्या वितरणाला आणि टीव्हीच्या हक्कांना त्याचा उपयोग होतो, केंद्राचा एक रुपया मिळाला नाही तरी. अर्ज शूटिंगच्या आधीच करायचा असतो, नंतर पश्चात्ताप करून उपयोग नाही.

कलम१९
निमाडवाट यांचा मुद्दा बरोबर आहे, पण तो फायदा फ्रेंच निर्मात्याला जास्त होतो. मग त्या कामाचा खर्चही त्यानेच जास्त उचलावा असं करारात लिहा. करारात आणखी काय पक्कं करायचं: मूळ मास्टरची मालकी टक्केवारीत, कोणाला कोणते प्रदेश, आलेल्या पैशातून आधी कोण वसूल करणार याचा क्रम, श्रेयनामावलीतली नावं, आणि एखादा फंड मिळाला नाही तर कोण किती भरणार. शेवटचं कलम बहुतेक मसुद्यांत नसतं आणि भांडणं तिथूनच होतात. बजेटमध्ये साधारण १० टक्के आकस्मिक खर्च दाखवा. तो रकाना रिकामा असला तर परदेशी वाचक बजेटच कच्चं समजतो.

खातेवही
पैसा परदेशातून आला तर बँकेकडून आवक प्रमाणपत्र घ्या आणि त्यावरचा पर्पज कोड (पैसा कशासाठी आला ते सांगणारा क्रमांक) कराराशी जुळवा. ट्रस्टच्या किंवा संस्थेच्या खात्यात फंडाची रक्कम कधीही मागवू नका, परदेशी देणग्यांचा कायदा लागू होण्याची भीती आहे. एलएलपीच्या खात्यात, कराराच्या आधारावर. बाहेर पैसे पाठवताना आयकराचं निवेदन आणि सीएचं प्रमाणपत्र (१९६२ च्या आयकर नियमांत १५सीए आणि १५सीबी).

आयकरात चित्रपट निर्मितीखर्चाचा नियम बघा (१९६२ च्या नियमांत ९ए): चित्रपट आर्थिक वर्ष संपण्याच्या निदान ९० दिवस आधी व्यावसायिकरीत्या प्रदर्शित झाला तर पूर्ण निर्मितीखर्च त्याच वर्षी वजा होतो. फेब्रुवारीत लावला तर त्या वर्षीची वजावट कमाईपुरतीच, बाकी पुढच्या वर्षी. आणि उत्पन्नात न दाखवलेलं सरकारी अनुदान निर्मितीखर्चातून वजा करावं लागतं. सीएला हे आधीच सांगा.

पटकथा_पाचवा_खर्डा
महाराष्ट्राचं राहिलं.

निमाडवाट
थोडक्यात. तिथे दिवस मोजत नाहीत, चित्रपट बघतात. परीक्षण समिती गुण देते. अ दर्जाला ४० लाख, ब दर्जाला ३० लाख. गोरेगावच्या चित्रनगरीतून कारभार चालतो. अर्जदाराच्या पात्रतेच्या अटी तुमच्या इंदूरच्या एलएलपीला लागू पडतात का ते सध्याच्या शासन निर्णयात वाचून घ्या, पैसे त्यावर अवलंबून ठेवू नका. मध्य प्रदेशाकडे गेलेला दावा प्रतिज्ञापत्रात लपवू नका.

कृष्णपुरा
सगळ्यांचे मनापासून आभार. क्रम असा लावतोय, चुकत असेल तर सांगा: वारसांचा नवा करार, मग इंग्रजी पटकथा आणि निवेदन, रॉटरडॅम, फ्रेंच करार, सीएनसी, मग फिल्म सेल आणि पुरातत्त्व.

कलम१९
फिल्म सेलला मागे ठेवू नका. सीएनसीच्या निकालाची वाट बघत असतानाच नोंदणी करा. आणि सगळीकडे एकच नाव: एलएलपीचं नाव आणि चित्रपटाचं शीर्षक. परवानगी एका शीर्षकाची, सेन्सॉर दुसऱ्याचं, फ्रेंच करारात तिसरं, असं झालं की तिन्ही कार्यालयं एकमेकांचं पत्र मागतात. शीर्षक बदललंच तर त्याच आठवड्यात सगळीकडे लेखी कळवा आणि पोच ठेवा.

खातेवही
सेन्सॉरचा अर्जही एलएलपीनेच करायचा. वितरकाला हक्क विकून त्याच्या नावे प्रमाणपत्र निघालं की अनुदानाचा अर्जदार आणि प्रमाणपत्रावरचा निर्माता वेगळे पडतात. वितरकाशी करार प्रमाणपत्र हातात आल्यावर करा, आणि चित्रपटगृहांची यादी व रोजचे कलेक्शन रिपोर्ट तो तुम्हाला देईल हे त्यात घाला. प्रदर्शनाचा पुरावा म्हणून तेच लागतात.

निमाडवाट
मांडूचे ४ दिवस पावसाळ्यात ठेवले असतील तर पुरातत्त्वच्या अर्जात राखीव तारखाही मागून ठेवा. पावसात तिथे गर्दी सर्वांत जास्त असते, शनिवार-रविवार टाळलेत तर परवानगी लवकर मिळते.